गाऊन, दस्तार आणि सनद

११ नोव्हेंबरला मौलाना आझाद यांची जयंती असते. देशभर हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिवस म्हणून पाळला जातो आणि आमच्या उर्दू शाळेत त्या दिवशी भाषण स्पर्धा होते. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी स्पर्धेच्या आठवडाभर आधी वही घेऊन माझ्याकडे आली. तिने मराठीत भाषण लिहिले होते आणि मी ते तपासून द्यावे अशी तिची इच्छा होती. विषय होता, ‘शिक्षणाला मुस्लिमांची देणगी’.

पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिले होते की, पदवीदान समारंभात घालतात तो काळा गाऊन म्हणजे अरबांचा जुब्बा. टोपी वरून चौकोनी आणि सपाट असते, कारण ग्रॅनाडाच्या मदरशातले पदवीधर डोक्यावर कुरआन ठेवून मिरवणुकीने जात. आणि टोपीवरून लोंबणारा गोंडा म्हणजे कुरआनच्या पानात ठेवायची खूण.

हा मजकूर मी ओळखला. दोन-तीन दिवसांपूर्वीच तो आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत होता आणि अर्ध्या स्टाफने त्याला ‘माशाअल्लाह’ म्हटले होते. मी तिला विचारले, “बेटा, हे कुठे वाचलंस?” ती म्हणाली, “मोबाइलपर आया था, टीचर.” मी सांगितले की गोंड्याची आणि टोपीची ही कथा खरी नाही, काढून टाक. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “फिर अपना क्या बचा, टीचर?”

तिला मी तेव्हा थातूरमातूर काहीतरी सांगितले. पण प्रश्न मनात राहिला. मुलांकडून खोटा अभिमान काढून घेणे सोपे असते. त्या जागी खरे काय ठेवायचे, हे शिक्षकाला माहीत असायला हवे. म्हणून त्या आठवड्यात मी वाचन केले. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

गाऊन कुठून आला

आधी गाऊनचा हिशेब पुरा करू. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही युरोपातली जुनी विद्यापीठे चर्चच्या सावलीत वाढली. तिथले बहुतेक शिक्षक आणि विद्यार्थी ‘क्लर्क’ म्हणजे धर्मसेवक मानले जात आणि त्यांचा पोशाखही तसाच असे. १२२२ साली कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी ऑक्सफर्डला भरलेल्या धर्मसभेत धर्मसेवकांनी लांब, बंद झगा घालावा असा नियम केला. आजच्या गाऊनची वंशावळ अशा झग्यांपर्यंत जाते. पाठीवर लोंबणारे हूड हे मूळचे थंडीवाऱ्यात डोके झाकायचे टोपडे. चौकोनी टोपी ही चर्चमधल्या टोपीचीच सुधारलेली आवृत्ती आहे. टोप्या हवेत उडवण्याची रीत तर फारच अलीकडची. १९१२ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या मुलांना प्रशिक्षणातल्या टोप्यांची गरज उरली नाही, म्हणून त्यांनी त्या भिरकावल्या. ते दृश्य जगाला आवडले.

विद्वानांनी वेगळा पोशाख घालावा ही कल्पना मात्र मुस्लिम जगात त्याहून जुनी आहे. बगदादमध्ये हारून रशीद यांच्या काळात मुख्य काजी असलेले इमाम अबू यूसुफ (मृत्यू ७९८) यांनी उलेमांचा पोशाख सामान्य लोकांपासून वेगळा केला, असे इब्ने खल्लिकान यांनी लिहून ठेवले आहे. पण दोन ठिकाणी सारखी गोष्ट दिसली म्हणजे एकाने दुसऱ्याकडून उचलली असे सिद्ध होत नाही. अबू यूसुफ यांच्या जुब्ब्यापासून ऑक्सफर्डच्या गाऊनपर्यंतचा रस्ता कोणी पुराव्यानिशी दाखवलेला नाही.

‘बॅचलर’ या शब्दाचेही तसेच. १९७० च्या दशकात काही अभ्यासकांनी असा तर्क मांडला की, पदवीसाठीचा लॅटिन शब्द ‘बि-हक्क अर-रिवाया’ म्हणजे ‘पुढे सांगण्याच्या हक्काने’ या अरबी शब्दसमूहातून आला असावा. ऐकायला छान वाटते. पण त्या लॅटिन शब्दाचे जवळचे रूप युरोपात कनिष्ठ कूळ किंवा उमेदवार सरदार या अर्थाने आधीपासून होते. त्यामुळे हा तर्क सर्वमान्य झाला नाही. भाषेची शिक्षिका म्हणून सांगते, दोन शब्द कानाला सारखे लागले की नाते जोडायचा मोह फार होतो.

इजाजत

आता ‘अपना क्या बचा’ याचे उत्तर.

मध्ययुगीन मुस्लिम जगात शिक्षण पूर्ण झाले म्हणजे काय, हे ठरवणारी गोष्ट होती ‘इजाजा’. मराठीत तोच शब्द आपण ‘इजाजत’ म्हणून ओळखतो. विद्यार्थी एखादा ग्रंथ शिक्षकासमोर बसून वाचायचा किंवा ऐकायचा. तो पुरा झाला की शिक्षक लिहून द्यायचा की अमुक इसमाने हा ग्रंथ माझ्यापाशी वाचला, आता त्याला तो पुढे शिकवण्याची परवानगी आहे. त्याखाली शिक्षक स्वतःच्या गुरूचे नाव लिहायचा, मग त्या गुरूच्या गुरूचे. अशी साखळी मूळ ग्रंथकारापर्यंत जायची. तिला ‘सनद’ म्हणतात. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ आधार, टेकू.

यातली महत्त्वाची बाब अशी की इजाजत मदरसा देत नसे, माणूस देत असे. १०६७ साली बगदादला निजामिया मदरसा सुरू झाला. तो त्या काळातला सर्वांत नावाजलेला. तरीही विद्वानाची ओळख तो कोणत्या इमारतीत शिकला यापेक्षा कोणापाशी शिकला यावरून होई. जॉर्ज मकदिसी या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली ‘द राइज ऑफ कॉलेजेस’ या पुस्तकात असे मांडले की, शिकवण्याची ही इजाजत आणि युरोपातला ‘शिकवण्याचा परवाना’ यांत खोल साम्य आहे, आणि कॉलेज ही कल्पना मुस्लिम जगातून तिकडे गेली असावी. त्यांच्याशी असहमत असलेले इतिहासकारही पुष्कळ आहेत. स्वतः मकदिसींनी मान्य केले होते की स्वतःचे कायदे आणि अधिकार असलेली संघटना या अर्थाने ‘विद्यापीठ’ ही युरोपचीच निर्मिती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर या वाक्याचा पहिला भाग येतो, दुसरा येत नाही.

पण मला त्या मुलीला सांगायचे होते ते वेगळेच. अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवजिया नावाच्या एक बाई हदीस शिकवत. ‘सहीह बुखारी’ या ग्रंथासाठी त्यांचा अधिकार इतका मोठा होता की बगदादचे प्रसिद्ध इतिहासकार खतीब बगदादी यांनी मक्केच्या मुक्कामात त्यांच्यासमोर बसून तो ग्रंथ वाचला. पुढे १३२६ साली इब्ने बतूता दमास्कसला पोहोचला. तिथे ज्यांनी त्याला इजाजत दिली त्यांची यादी त्याने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. त्या यादीत जैनब बिंते कमाल यांचे नाव आहे. तोच इब्ने बतूता पुढे दिल्लीला काजी झाला आणि दौलताबादेतही येऊन गेला. म्हणजे आमच्या मराठवाड्यात आलेल्या या प्रवाशाच्या विद्येवर एका स्त्रीने शिक्कामोर्तब केले होते.

याच्या शेजारी कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट ठेवून पाहा. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेतल्या यशावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, पण त्या स्त्री असल्याने नाकारली गेली. लोकांनी वर्गणी काढून त्यांना ऑक्सफर्डला पाठवले. १८९२ साली त्यांनी तिथे कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हते. १९२२ साली, म्हणजे परीक्षेनंतर ३० वर्षांनी, त्यांना ती मिळाली.

जुन्या पद्धतीच्या उणिवा

इथे थांबले तर मीही व्हॉट्सअ‍ॅपचाच मजकूर लिहिला असे होईल. इजाजतीच्या पद्धतीत उणिवा होत्या आणि त्या काळच्या उलेमांनाही त्या दिसत होत्या. मोठ्या विद्वानाचे नाव साखळीत यावे म्हणून लोक तान्ह्या मुलांना मजलिसीत आणून त्यांच्या नावे इजाजत घेत. कधीही न भेटलेल्या माणसाला पत्राने इजाजत जाई. स्वतः जैनब यांना लहानपणीच अशा अनेक इजाजती मिळाल्या होत्या. फरक इतकाच की पुढे आयुष्यभर शिकवून त्यांनी त्या सार्थ केल्या. शिवाय सगळा अधिकार एका शिक्षकाच्या हाती असला की ओळख, घराणे, मर्जी यांना वाव मिळतोच. म्हणूनच कैरोच्या अल-अजहरमध्ये १८७२ साली कायदा करून उलेमांच्या समितीपुढे परीक्षा सुरू करावी लागली.

परीक्षेचा फायदा हा की पेपर तपासणाऱ्याला विद्यार्थी कोणाचा मुलगा आहे हे माहीत नसते. निनावी उत्तरपत्रिकेने गरिबाला जे दिले ते कमी नाही. मीही त्याच दाराने आत आले आहे.

१८५७ ची मुंबई

आपल्याकडच्या पदवीदानाची सुरुवात १८५७ ची. वूडच्या खलित्यानंतर त्या एकाच वर्षात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. तिथे विद्यापीठ शिकवत नसे, फक्त परीक्षा घेत असे. मुंबईतही शिकवायचे काम एल्फिन्स्टन किंवा डेक्कनसारख्या कॉलेजांनी केले आणि पदवी विद्यापीठाने दिली. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग निघायला विसावे शतक उजाडले.

म्हणजे ज्याने शिकवले त्याची सही पदवीवर नाही आणि ज्याची सही आहे त्याने शिकवलेले नाही, ही व्यवस्था आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. काही वर्षांतच, १८६६ साली रहिमतुल्ला सयानी बी.ए. झाले आणि १८६८ साली एम.ए. खोजा समाजातले हे सयानी पुढे मुंबईचे महापौर आणि १८९६ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुस्लिम मुले इंग्रजी शिक्षणाकडे वळलीच नाहीत असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

समारंभासाठी सभागृह हवे म्हणून कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १ लाख रुपये दिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने लंडनमध्ये बसून नकाशे काढले आणि १८७४ साली फोर्टमधले दीक्षान्त सभागृह तयार झाले. बाहेरून ते चर्चसारखे दिसते. आत मुंबईच्या उकाड्यात इंग्लंडच्या थंडीचे कपडे घालून मुले बसत.

कपड्यांपेक्षा मोठा प्रश्न भाषेचा होता. पदवीच्या अभ्यासक्रमात मराठीला जागा उरली नव्हती. ती परत मिळावी म्हणून रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत झटून प्रयत्न केले. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले ते मातृभाषेतून शिकवण्याच्या निर्धाराने. त्याच सुमारास हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ आकार घेत होते. १९१७ साली निजामाचे फर्मान निघाले आणि १९१९ साली वर्ग सुरू झाले. विज्ञानापासून कायद्यापर्यंत सारे उर्दूतून. त्यासाठी मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली खास भाषांतर विभाग उभा राहिला. इंग्रजी नसलेल्या भाषेतही आधुनिक पदवी देता येते हे उस्मानियाने दाखवले. अर्थात हैदराबाद संस्थानात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत. औरंगाबाद किंवा नांदेडच्या मराठी मुलाला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी मी, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत असे मला वाटते.

दस्तार बांधलेला माणूस

मदरशांनी आपली जुनी रीत सोडली नाही. देवबंदचा मदरसा १८६६ साली सुरू झाला. तिथे आणि देशभरच्या मदरशांत शिक्षण पूर्ण झाले की दस्तारबंदी होते. उस्ताद स्वतःच्या हाताने शागिर्दाच्या डोक्यावर फेटा बांधतात. देवबंदच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक महमूद हसन, ज्यांना पुढे लोक शेखुल हिंद म्हणू लागले. इंग्रजांनी त्यांना माल्टाच्या तुरुंगात ठेवले होते. तिथून सुटून आल्यावर २९ ऑक्टोबर १९२० रोजी त्यांनी अलीगडमध्ये जामिया मिलिया इस्लामियाची पायाभरणी केली. प्रकृती इतकी ढासळली होती की त्यांचे भाषण दुसऱ्याला वाचावे लागले. महिन्याभरात त्यांचे निधन झाले. दस्तार बांधलेल्या माणसाने आधुनिक विद्यापीठाचा पाया घातला. त्याच वर्षी अलीगड मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. एक बाई कुलपतीच्या खुर्चीवर बसली, तेव्हा ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे नुकतेच सुरू केले होते.

गाऊनवरून आपल्याकडे अधूनमधून वाद होतो. २०१० साली भोपाळच्या एका समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला आणि ही वसाहतवादाची निशाणी म्हटले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभात हातमागाचे कपडे वापरा असे सुचवले. काही ठिकाणी आता उपरणे दिसते. चांगलेच आहे. मागावर बसणाऱ्या माझ्या मोमीन नातेवाइकांना तेवढेच काम. पण गाऊन जाऊन उपरणे आले तरी प्रमाणपत्रावरचा मजकूर तोच राहतो.

माझी पदवी

माझ्याकडे दोन कागद आहेत. एक माझ्या नानांची सनद. त्यांनी मदरशात दौरा-ए-हदीस पूर्ण केला होता. अम्मीच्या पत्र्याच्या पेटीत तिच्या लग्नातल्या कपड्यांखाली ती गुंडाळून ठेवलेली असे. तिच्यावर नानांच्या उस्तादांचे नाव आहे, मग त्यांच्या उस्तादांचे. नानांना पोटासाठी शिलाई मशीन चालवावी लागली. पण ती नावे ते तोंडपाठ म्हणून दाखवत.

दुसरा कागद माझ्या बी.एड.च्या पदवीचा. पदवीदानाला मी गेले नव्हते. जायचे-यायचे भाडे, गाऊनचे पैसे आणि शाळेतली एक दिवसाची रजा, तिन्ही परवडणारे नव्हते. अर्ज भरला आणि पदवी पोस्टाने आली. पोस्टमनने सही घेतली, एवढाच माझा समारंभ. त्या कागदावर कुलगुरूंची सही आणि माझी श्रेणी आहे. सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसून माझे पाठ पाहणाऱ्या बाईंचे नाव त्यावर नाही. माझ्या पाठ टाचणाच्या वहीत त्यांनी लाल पेनाने लिहिले होते, ‘तुम्ही छान बोलता. आता मुलांना बोलू द्या.’ गेली वीस वर्षे मी त्या एका वाक्यावर शिकवते आहे. माझी खरी इजाजत ती वही होती आणि ती मी घर बदलताना रद्दीत घातली.

वेगवेगळ्या भाषांनी या प्रसंगाला काय नावे दिली ते बघा. संस्कृतात शिक्षण संपवून निघालेला तो ‘स्नातक’, म्हणजे न्हालेला. उर्दूत तो ‘फारिग’, म्हणजे मोकळा झालेला. अमेरिकेत या समारंभाला ‘सुरुवात’ या अर्थाचा शब्द आहे, कारण युरोपच्या जुन्या विद्यापीठांत पदवी मिळाली त्या दिवसापासून शिकवणे सुरू होई. ‘पदवी’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ वाट. आणि मराठीने ‘सनद’ हा शब्द जपला आहे. इनामाची सनद गेली, पण वकिलाची सनद अजून आहे. फक्त तिच्यातली गुरूंची नावे गळून गेली.

परीक्षा बंद करून पुन्हा इजाजतीकडे जावे असे मी म्हणत नाही. निनावी उत्तरपत्रिका न्यायासाठी हवीच. पण निनावी विद्यार्थ्यासोबत शिक्षकही निनावी होऊन गेला आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. मुस्लिमांची शिक्षणाला देणगी कोणती, असे आता कोणी विचारले तर मी टोपीकडे बोट दाखवणार नाही. विद्या कोणाकडून आली ते नावानिशी सांगायचे, आणि ती पुढे देण्याची जबाबदारी घ्यायची, हे आपल्या लोकांनी शेकडो वर्षे निष्ठेने केले. त्यासाठी ग्रॅनाडाची मिरवणूक रचायची गरज नाही.

त्या मुलीने भाषण बदलले. टोपी आणि गोंडा गेला, करीमा आणि जैनब आल्या. तिला बक्षीस मिळाले नाही. गाऊनची कथा सांगणाऱ्या दुसऱ्या मुलाला मिळाले आणि टाळ्याही त्यालाच जास्त पडल्या. ती खट्टू झाली होती. मी तिला म्हटले, तुझे भाषण मला लिहून दे, मी ठेवते.

फेब्रुवारीत दहावीच्या निरोप समारंभाला आम्ही एक लहानसा बदल केला. प्रत्येक मुलाला एक कोरा कागद दिला आणि सांगितले, तुम्हाला शिकवलेल्या सगळ्यांची नावे लिहा. अलिफ-बे कोणी शिकवली, बाराखडी कोणी गिरवून घेतली, पाढे कोणी पाठ करून घेतले. मुलांनी अंगणवाडीच्या ताईंपासून लिहायला सुरुवात केली. काहींनी आईचे नाव लिहिले, एकाने गॅरेजवाल्या चाचांचे लिहिले. खाली आम्ही शिक्षकांनी सह्या केल्या. त्या कागदाला सरकारदरबारी काही किंमत नाही. पण सही करताना माझा हात जरा जपून चालला.